डेटा सेंटर स्विचवरील क्यूओएस: आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

गेले आठ महिने आमच्या बारा रॅकच्या माथ्यावर एकाच मॉडेलचे स्विच काम करत आहेत. २५ गिगाबिटचे ४८ पोर्ट, १०० गिगाबिटचे ८ अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडण्या) आणि सर्व पोर्टांनी मिळून वापरायचा ३२ एमबी बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याची मेमरी, असे त्याचे स्वरूप आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि या वर्गातले अनेक स्विच एकाच धाटणीच्या चिपवर बेतलेले असल्यामुळे त्यांतल्या बऱ्याचशा इतरत्रही लागू पडतील. राउटिंग, वीजवापर, पंख्यांचा आवाज या बाबतीत लिहिण्याजोगे काही नाही. ते सर्व ठीक आहे. हे परीक्षण फक्त क्यूओएसचे (क्वालिटी ऑफ सर्व्हिस), म्हणजे कोणत्या पॅकेटला आधी जाऊ द्यायचे, कोणाला थांबवायचे आणि जागा संपल्यावर कोणाला टाकून द्यायचे, या निर्णयांच्या पॉलिसी या स्विचवर कशा लिहाव्या लागतात आणि लिहिल्यावर त्या कशा वागतात, याचे आहे.

मत आधीच सांगतो. रांगा आणि बफर यांची मोजमापे हा स्विच ज्या स्वच्छपणे दाखवतो, तशी मी वापरलेल्या दुसऱ्या कोणत्याही स्विचवर पाहिलेली नाहीत. आणि त्याच स्विचमध्ये कंपनीने भरून दिलेली तयार टेम्प्लेट मात्र जशीच्या तशी कोणीही लावू नयेत. स्विच घ्यावा, पण मोजमापे बघण्याची तयारी असेल तरच घ्यावा.

आमच्याकडे पाच प्रकारची वाहतूक एकाच तारेवरून जाते. पहिली स्टोरेजची, जी आरओसीई (नेटवर्कवरून थेट दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत वाचण्या-लिहिण्याची पद्धत) दुसऱ्या आवृत्तीने यूडीपी पोर्ट ४७९१ वर चालते आणि जिला पॅकेट गहाळ झालेले मुळीच खपत नाही. दुसरी क्लस्टरच्या हार्टबीटची, म्हणजे सर्व्हर एकमेकांना ‘मी चालू आहे’ असे कळवत राहतात त्या निरोपांची, जी आकाराने नगण्य पण उशिराच्या बाबतीत अत्यंत हळवी आहे. त्याखेरीज डेटाबेसचे रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवणे), रात्रीचा बॅकअप आणि उरलेली सर्वसाधारण वाहतूक. प्रत्येक पोर्टला आठ रांगा मिळतात, त्यामुळे पाच प्रकारांसाठी रांगांची कमतरता नव्हती. पॅकेट ओळखण्यासाठी आम्ही डीएससीपी, म्हणजे पॅकेटवर लिहिलेला प्रकाराचा क्रमांक, वापरायचे ठरवले. ८०२.१क्यू टॅगमधल्या, म्हणजे फ्रेमला जोडल्या जाणाऱ्या जादा चिठ्ठीतल्या, तीन बिटांत आठच मूल्ये मावतात आणि टॅग काढला की ती नाहीशी होतात. डीएससीपीची सहा बिटे आयपी हेडरमध्येच असल्यामुळे राउटिंग झाल्यावरही ती शाबूत राहतात.

पॉलिसीची मांडणी तीन थरांची आहे. पहिल्या थरात पॅकेट कोणत्या क्लासचे हे ओळखायचे आणि त्याला आतला एक क्रमांक द्यायचा. दुसऱ्या थरात त्या क्रमांकावरून रांग, तिचा वाटा आणि तिची बफरमर्यादा ठरवायची. तिसऱ्या थरात कोणता क्लास लॉसलेस (एकही पॅकेट न टाकण्याचा) आणि त्याचा एमटीयू (चालणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार) किती, असे साऱ्या स्विचला लागू होणारे नियम लिहायचे. ज्यांनी पूर्वी क्लास-मॅप आणि पॉलिसी-मॅप या पद्धतीने काम केले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. अडचण एवढीच की तिन्ही थर वेगवेगळ्या ठिकाणी लावावे लागतात: पहिला येणाऱ्या दिशेने पोर्टवर, दुसरा जाणाऱ्या दिशेने पोर्टवर आणि तिसरा एकदाच सिस्टीमवर. यांपैकी एखादा लावायचा राहून गेला, तर स्विच चकार शब्द काढत नाही. आम्ही एका रॅकवर तिसरा थर लावायला विसरलो होतो, आणि स्टोरेजचा क्लास रीतसर ओळखला जाऊन, योग्य रांगेत बसून, एमटीयू १५०० च्या नियमाने त्याहून मोठ्या फ्रेम मुकाट्याने टाकून देत होता. तीन थर एकमेकांशी जुळतात का, हे तपासणारी एखादी कमांड असायला हवी होती. ती नाही.

दुसरा खड्डा विश्वासाचा आहे. कारखान्यातून आलेल्या स्थितीत हा स्विच सर्व्हरने लिहून पाठवलेल्या डीएससीपीवर विश्वास ठेवतो. पण पोर्टवर स्वतःची पॉलिसी लावली की हा विश्वास संपतो, आणि तुमच्या कोणत्याही क्लासमध्ये न बसलेल्या पॅकेटवरचे मूल्य पुसून त्या जागी शून्य लिहिले जाते. हे धोरण म्हणून वाईट नाही. कोणत्याही व्हर्च्युअल मशीनने स्वतःवर ४६ चा, म्हणजे सर्वांत तातडीच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या मूल्याचा, शिक्का मारून पुढच्या रांगेत घुसावे, हे कोणालाच परवडणारे नाही. मात्र मॅन्युअलमध्ये ही गोष्ट पॉलिसीच्या प्रकरणात नसून परिशिष्टातल्या एका तक्त्याच्या तळटिपेत आहे. शून्य झालेले पॅकेट पुढच्या स्विचवर सर्वसाधारण रांगेत जाते, त्यामुळे बिघाड एका ठिकाणी आणि लक्षण दुसऱ्या ठिकाणी दिसते. आमचे दोन दिवस भलत्याच स्विचची झडती घेण्यात गेले.

याच टप्प्यावर स्विचने आमची एक चूक पकडून दिली, आणि ती तपशिलाने सांगण्यासारखी आहे. हार्टबीटला ४६ हे मूल्य द्यायचे ठरले होते. सर्व पॉलिसी लागल्या, पण हार्टबीटच्या क्लासचा काउंटर शून्यावरच. सर्व्हरवाल्यांचे म्हणणे, आम्ही ४६ लिहिले आहे, फाईल दाखवतो. फाईलमध्ये खरोखरच ४६ होते. या स्विचवर प्रत्येक पोर्टवर आलेल्या पॅकेटची डीएससीपीनिहाय मोजणी दाखवणारी एक कमांड आहे, जी इतर ठिकाणी बहुधा पॅकेट पकडून, उलगडून बघावी लागते. तिच्यात ४६ च्या ओळीत शून्य आणि ११ च्या ओळीत दर सेकंदाला वाढत जाणारा आकडा होता. उलगडा तिथेच झाला. त्या सॉफ्टवेअरच्या फाईलमधली जागा डीएससीपीची नव्हती, पूर्ण टीओएस बाइटची होती. आठ बिटांच्या त्या बाइटमध्ये वरची सहा बिटे डीएससीपीची आणि खालची दोन ईसीएनची, म्हणजे वाटेत गर्दी आहे हे पॅकेट न टाकता खुणेने कळवण्याच्या सोयीची, असतात. ४६ हा आकडा आठ बिटांत ००१०१११० असा लिहिला जातो. त्याची वरची सहा बिटे ००१०११, म्हणजे ११, आणि खालची दोन १०. हवे होते १८४, म्हणजे ४६ ची चौपट.

यातली गंमत अशी की चूक एवढ्यावर थांबली नव्हती. खालच्या दोन बिटांतले १० म्हणजे ‘मला ईसीएन समजते’ अशी ग्वाही. हार्टबीटच्या सॉफ्टवेअरला ते मुळीच समजत नव्हते, पण गर्दीच्या वेळी स्विच त्याच्या पॅकेटवर खूण करून, आता हा वेग कमी करील असे समजून, पुढे पाठवत होता. एकाच चुकीच्या आकड्याने पॅकेट चुकीच्या रांगेतही गेले आणि खोटी ओळखही सांगू लागले. डीएससीपीनिहाय काउंटर नसता तर हे आम्हाला किती दिवसांनी कळले असते, कोण जाणे. गुण द्यायचे झाले, तर या एका कमांडला मी पूर्ण गुण देईन.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे बफरकडे येतो. स्विच घेऊन महिना झाला असेल, तेव्हा अहवाल तयार करणाऱ्या यंत्रणेच्या प्रमुखांनी तक्रार केली.

“अहो, दर काही मिनिटांनी एखादा प्रश्न अडकतो आणि मग एकदम सुटतो. तुमचे नेटवर्क कुठेतरी भरलेले आहे.”

“पाच मिनिटांच्या आलेखात तुमचा पोर्ट बारा टक्क्यांच्या वर जात नाही,” मी म्हणालो.

“मग हे दोनशे मिलिसेकंद कुठून येतात?”

त्यांनी आकडा सांगितला म्हणून बरे झाले. लिनक्सवर टीसीपीचे पॅकेट गहाळ झाले आणि त्यामागून आणखी पॅकेट आली नाहीत, तर पुन्हा पाठवण्यापूर्वी थांबण्याचा किमान काळ २०० मिलिसेकंद असतो. म्हणजे अडचण मंद वेगाची नव्हती. कुठेतरी पॅकेट टाकले जात होते, आणि तेही नेमके उत्तराच्या शेपटाकडचे.

त्या यंत्रणेत एक सर्व्हर एकाच रॅकमधल्या वीस सर्व्हरांना एकाच क्षणी प्रश्न विचारतो आणि ते वीसही एकाच क्षणी उत्तर देतात. प्रत्येकाचे उत्तर सुमारे २५६ केबीचे, जोडण्या आधीपासून उघड्या, त्यामुळे पहिल्यापासून पूर्ण वेग. २५ गिगाबिटच्या तारेवरून २५६ केबी यायला ८२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात वीस पोर्टांतून पाच एमबीहून थोडा जास्त डेटा आत येतो आणि विचारणाऱ्याच्या एका पोर्टातून फक्त २५६ केबी बाहेर जातो. उरलेले ४.८६ एमबी रांगेत उभे राहिले पाहिजेत, आणि ते ओसरायला सुमारे दीड मिलिसेकंद पुरतो. पाच मिनिटांच्या सरासरीत दीड मिलिसेकंदाची काय पत्रास? आलेख बारा टक्के दाखवत होता तो खोटे बोलत नव्हता, पण कामाचे काही सांगतही नव्हता.

या ठिकाणी हा स्विच खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. प्रत्येक पोर्टच्या प्रत्येक रांगेसाठी तो वॉटरमार्क ठेवतो, म्हणजे मागच्या वाचनानंतर ती रांग जास्तीत जास्त किती लांब झाली होती त्याचा उच्चांक. हा उच्चांक चिप स्वतः नोंदवते. सॉफ्टवेअर अधूनमधून डोकावून बघते असे नाही, त्यामुळे एखादा क्षणिक लोंढाही निसटत नाही. दर दहा सेकंदांनी तो आकडा टेलिमेट्रीने, म्हणजे आपोआप, देखरेखीच्या यंत्रणेकडे पाठवण्याची सोय आहे. ती चालू केल्यावर पहिल्या तासाभरात चित्र स्पष्ट झाले: त्या पोर्टच्या सर्वसाधारण रांगेचा उच्चांक दर थोड्या वेळाने ३ एमबीला जाऊन टेकत होता आणि तिथेच, एखाद्या छताला डोके आपटावे तसा, थांबत होता. ड्रॉपचा काउंटर त्याच क्षणांना वाढत होता.

३ एमबीच का? ३२ एमबीपैकी लॉसलेस रांगांसाठी आणि प्रत्येक रांगेच्या किमान हक्कासाठी राखून ठेवलेली जागा वजा केल्यावर आमच्याकडे सामायिक म्हणून सुमारे २७ एमबी उरतो. त्यातून एका रांगेला किती घेऊ द्यायचे, याची ठरावीक मर्यादा नसते. त्या क्षणी जेवढी जागा मोकळी असेल तिच्या अमुक पट, असा नियम असतो. या पटीला अल्फा म्हणतात. रांग वाढत जाते तशी मोकळी जागा घटत जाते आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे रांग अडते. एकटीच रांग तुंबलेली असेल तर अल्फा १ असताना तिला अर्धा बफर मिळतो, अल्फा ८ असताना नऊपैकी आठ भाग आणि अल्फा एक-अष्टमांश असताना नऊपैकी फक्त एक भाग. २७ एमबीचा नववा भाग म्हणजे ३ एमबी. कंपनीच्या टेम्प्लेटने सर्वसाधारण रांगेला नेमका एक-अष्टमांश दिलेला होता.

आता हा आकडा टेम्प्लेटमध्ये कसा लिहिलेला आहे ते पाहा: ‘थ्रेशोल्ड −३’. दुसरे काही नाही. हा दोनाचा घातांक आहे, −३ म्हणजे एक-अष्टमांश आणि ३ म्हणजे आठ, हे मॅन्युअलमध्ये मला कुठेही सापडले नाही. कंपनीच्या सपोर्टला विचारल्यावर पहिले उत्तर आले की हे मूल्य बदलू नये. दुसरे आले की ते टक्क्यांमध्ये आहे. तिसऱ्या उत्तरात योग्य अर्थ सांगितला गेला, तोवर आम्ही तो प्रयोगाने काढलेला होता. ज्या मूल्यावर साऱ्या बफरचे वाटप अवलंबून आहे ते असे अर्थाविना समोर ठेवणे, ही या उत्पादनातली सर्वांत मोठी उणीव मी मानतो.

आम्ही ते मूल्य ० केले, म्हणजे अल्फा १. रांगेची कमाल १३.५ एमबीपर्यंत गेली, ४.८६ एमबीचा लोंढा सहज मावला, ड्रॉप थांबले आणि २०० मिलिसेकंदांची तक्रारही थांबली. सरळ ३ का दिले नाही, असे कोणी विचारील. अल्फा ८ ठेवला आणि दोन पोर्टांवर एकाच वेळी लोंढा आला, तर त्या दोन रांगा प्रत्येकी १२.७ एमबी धरून बसतात आणि उरलेल्या साऱ्या पोर्टांसाठी जेमतेम दीड एमबी राहतो. अल्फा १ असताना त्याच दोन रांगा प्रत्येकी ९ एमबीवर अडतात आणि आणखी ९ एमबी इतरांसाठी मोकळा असतो. उदारपणा कुठवर दाखवायचा हे तुमच्याकडे एकाच वेळी किती पोर्ट तुंबतात यावर ठरते, आणि ते वॉटरमार्कखेरीज दुसरे काहीही सांगू शकत नाही.

वॉटरमार्कबद्दल एकच तक्रार आहे, पण ती छोटी नाही. उच्चांक वाचला की तो पुसला जातो. टेलिमेट्री दर दहा सेकंदांनी वाचते. त्याच वेळी एखाद्याने कमांड देऊन वाचला, तर टेलिमेट्रीच्या त्या खेपेला अपुरा आकडा मिळतो. आम्ही आता हाताने ती कमांड चालवण्यावर आमच्यापुरती बंदी घातली आहे.

रांगांच्या क्रमाबाबत स्विच नेहमीचे दोन प्रकार देतो: स्ट्रिक्ट प्रायॉरिटी, जिच्यात ती रांग रिकामी होईपर्यंत दुसऱ्या कोणाला वाव नसतो, आणि भारानुसार वाटणी. हार्टबीटला पहिला प्रकार द्यावा यात वाद नव्हता. आमच्यातल्या एकाने रेप्लिकेशनलाही तोच दिला आणि त्याला वेगाची मर्यादा घातली नाही. मोठा डेटाबेस पहिल्यापासून उतरवायची वेळ आली त्या रात्री रेप्लिकेशनने अपलिंक व्यापून टाकली आणि सर्वसाधारण रांग अक्षरशः उपाशी राहिली. मर्यादेविना स्ट्रिक्ट प्रायॉरिटी लिहिल्यावर एखादी सूचना द्यावी एवढे तरी स्विचने करायला हवे होते. वाटणीचा भाग मात्र अचूक आहे. आम्ही स्टोरेजला ५०, रेप्लिकेशनला २५, सर्वसाधारणला २० आणि बॅकअपला ५ टक्के दिले आहेत आणि मुद्दाम सर्व रांगा भरून पाहिल्या तेव्हा बाहेर पडणारा वेग या प्रमाणाशी तंतोतंत जुळला. पहाटे तीनला बॅकअप २२ गिगाबिटने धावताना बघून ‘पाच टक्क्यांची मर्यादा चालत नाही’ असा निरोप दोनदा आला; हे टक्के गर्दीच्या वेळचा किमान वाटा सांगतात, कमाल मर्यादा नव्हे, हे दोन्ही वेळा समजावून सांगावे लागले.

लॉसलेस वाहतुकीसाठी पीएफसी आहे, ८०२.१क्यूबीबी या मानकाप्रमाणे; जागा संपत आली की तो पाठवणाऱ्याला ‘थांब’ असे सांगतो. १९९७ च्या ८०२.३एक्समध्ये ‘थांब’ म्हटले की संपूर्ण तार थांबत असे. पीएफसीत आठपैकी फक्त एका क्लासला थांबवता येते. पण ‘थांब’ म्हटल्यावर समोरचा तत्क्षणी थांबत नाही. निरोप तारेतून तिथवर पोचेपर्यंत आणि आधीच निघालेला डेटा इथे येऊन संपेपर्यंत जेवढे येईल तेवढे साठवायला जागा राखून ठेवावी लागते, तिला हेडरूम म्हणतात. प्रकाशाला फायबरमधून एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. १०० गिगाबिटच्या वेगाने ३ मीटरच्या तारेवर जाऊन-येऊन जेवढा डेटा मावतो तो अवघा ३७५ बाइट; ३०० मीटर फायबरवर तोच ३७.५ केबी होतो. त्यात दोन्ही टोकांना अर्धवट निघालेल्या मोठ्या फ्रेम आणि समोरच्याला प्रतिसादासाठी लागणारा वेळ यांची भर पडते.

टेम्प्लेटने सर्व पोर्टांसाठी तारेची लांबी ५ मीटर धरली आहे. रॅकमधल्या सर्व्हरांना ती पुरते. आमच्या दोन रॅकच्या अपलिंक मात्र इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, ३०० मीटर सिंगल-मोड फायबरने जातात, आणि तिथे ‘लॉसलेस’ म्हणवणाऱ्या रांगेत ड्रॉप दिसू लागले. दिलासा असा की हेडरूम अपुरी पडून झालेल्या ड्रॉपसाठी या स्विचवर वेगळा काउंटर आहे आणि त्यावरून कारण दहा मिनिटांत कळले. लांबी पोर्टनिहाय लिहिता येते. हेडरूमचे गणित मग स्विच स्वतः करतो आणि चोख करतो.

पीएफसीचा दुसरा चेहरा आम्हाला पाचव्या महिन्यात दिसला. एका सर्व्हरचे नेटवर्क कार्ड अडकले आणि अखंड ‘थांब’ पाठवू लागले. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ एककांचा विराम मागता येतो आणि एक एकक म्हणजे ५१२ बिटांचा काळ. २५ गिगाबिटवर हे सारे मिळून १.३४ मिलिसेकंद होतात. पण ती मुदत संपण्यापूर्वी नवी फ्रेम आली की थांबणे संपतच नाही. त्या एका पोर्टची रांग तुंबली, मग अपलिंकवरून येणाऱ्या स्टोरेज क्लासला या स्विचने थांबवले, मग वरच्या स्विचने बाकीच्या रॅकना. एका कार्डाने सहा रॅकचे स्टोरेज गोठवले. यावरचा उपाय, म्हणजे ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबलेल्या रांगेतली पॅकेट फेकून तिला मोकळे करणारा वॉचडॉग, या स्विचमध्ये आहे आणि आम्ही २०० मिलिसेकंदांवर लावल्यापासून त्याने एकदा प्रत्यक्ष काम करून दाखवले आहे. तो मुळातच चालू का नाही, हे मला समजलेले नाही. पीएफसी चालू करणाऱ्या टेम्प्लेटने वॉचडॉग बंद ठेवावा, हे बेफिकिरीचे लक्षण आहे.

ईसीएनचे काम समाधानकारक आहे. रांगेची खालची आणि वरची मर्यादा किलोबाइटमध्ये देता येते आणि खुणा केलेल्या पॅकेटचा रांगनिहाय काउंटर मिळतो, त्यामुळे पीएफसीपर्यंत वेळ येण्याआधी पाठवणाऱ्याचा वेग कमी होतो आहे का, हे बघता येते. आमच्याकडे मर्यादा खाली आणल्यावर ‘थांब’ फ्रेमची संख्या लक्षणीय घटली. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्या रांगेत ईसीएन लावले आहे तिथे ईसीएन न समजणारी पॅकेटही आली, तर खालची मर्यादा ओलांडल्यावर त्यांना खुणेऐवजी थेट मृत्युदंड मिळू लागतो. त्यामुळे दोन्ही जातींना एका रांगेत कोंबू नये. व्हीएक्सलॅनच्या (एका पॅकेटला दुसऱ्या पॅकेटचे वेष्टन घालून पाठवण्याच्या पद्धतीच्या) बाबतीत सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये दोष होता. बाहेरच्या हेडरवर झालेली गर्दीची खूण वेष्टन काढताना आतल्या पॅकेटवर उतरत नव्हती, जी २०१० च्या आरएफसी ६०४० या इंटरनेट मानकाप्रमाणे उतरायला हवी. दोन आवृत्त्यांनंतर तो दुरुस्त झाला. स्वतः स्विचच्या प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाहतुकीचे नियंत्रण आणि या सेटिंग्ज सर्व्हरशी आपोआप जुळवून घेणारा डीसीबीएक्स हा प्रोटोकॉल, दोन्ही विनातक्रार चालतात.

बदल लागू करण्याची पद्धत निम्मी उत्तम आणि निम्मी संतापजनक आहे. पॉलिसीतले बदल एकत्र लिहून, तपासून, मग एकदम लागू करता येतात आणि दहा मिनिटांत तुम्ही दुजोरा दिला नाही तर स्विच आपोआप पूर्वस्थितीवर येतो. रात्री दोन वाजता, दूर बसून काम करणाऱ्याला याचे मोल कळते. परंतु बफरचे प्रोफाईल बदलले की सर्व पोर्ट सुमारे तीन सेकंद बंद होऊन पुन्हा चालू होतात, आणि याची पूर्वसूचना तपासणीच्या टप्प्यावर मिळत नाही. अल्फा ० करण्याचा जो बदल वर सांगितला, तो आम्ही प्रथम भर दुपारी एका रॅकवर लावला. अहवालवाल्या प्रमुखांचा फोन त्या तीन सेकंदांच्या आतच आला असावा.

सध्या बाराही स्विचवर तयार टेम्प्लेट काढून टाकलेली आहेत. आमची पॉलिसी सुमारे ९० ओळींची आहे, तारेची लांबी प्रत्येक अपलिंकवर वेगळी लिहिलेली आहे, वॉचडॉग सर्वत्र चालू आहे आणि वॉटरमार्कचा आलेख भिंतीवरच्या पडद्यावर पाच मिनिटांच्या सरासरीच्या जागी लावलेला आहे. पुढच्या स्टोरेज रॅकसाठी हेच मॉडेल मागवले आहे. दूरच्या केंद्राकडे जाणाऱ्या टोकाच्या रॅकसाठी मात्र ते घेतलेले नाही, कारण तिथे ४८ पोर्टांचा लोंढा एका संथ जोडणीत शिरतो आणि ३२ एमबीची वाटणी कितीही शहाणपणाने केली तरी ती तिथे अपुरी पडते. त्या जागेसाठी गिगाबाइटमध्ये मोजावा लागणारा खोल बफर असलेल्या दुसऱ्या स्विचची चाचणी सुरू आहे.